पाटसच्या अंगणात क्रोटन आणि गवत

गवत विकत घ्यायला गाडी काढून निघालो आहोत, हे आमच्या अम्मींना कळलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. त्यांच्या लेखी गवत म्हणजे बकरीचं खाणं आणि पावसाळ्यात अंगणातून उपटून टाकायची गोष्ट. पण यंदा १ मेला निकालपत्रकं वाटून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याच्या गाडीतून पाटसला निघाले ती त्याच कामासाठी.

पाटसला माझी थोरली बहीण राहते. पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला आणि वरवंड मागे टाकलं की टोलनाका येतो, तेच पाटस. रेल्वेनं गेलं तर पुणे-दौंड मार्गावर दौंडच्या अलीकडचं स्टेशन. आपाचं लग्न होऊन ती इथे आली त्याला सव्वीस वर्षं झाली. दुल्हेभाई साखर कारखान्यात नोकरीला होते. गेल्या हिवाळ्यात त्यांचा इंतकाल झाला. घरात आता आपा आणि तिच्या ऐंशीच्या घरातल्या सासूबाई, दोघीच. भाचा खराडीला नोकरी करतो आणि शनिवार-रविवार येतो.

प्रश्न होता दुल्हेभाईंच्या क्रोटनचा. त्यांनी कारखान्याच्या वसाहतीतून कोणाकडून तरी एक फांदी आणली होती. तिच्यापासून गुटी बांधून, फांद्या लावून त्यांनी अकरा कुंड्या केल्या. पिवळ्या ठिपक्यांचं एक, लाल-हिरवं रुंद पानाचं एक, पीळ पडलेल्या अरुंद पानांचं एक. असरच्या नमाजनंतर पाण्याचा डबा घेऊन ते कुंड्यांमधून फिरायचे, पानं ओल्या फडक्यानं पुसायचे. आता आपाचे गुडघे दुखतात, नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि बोअर मार्चपासून उचक्या देत चालते. भाच्याचं म्हणणं, क्रोटन देऊन टाकू आणि कंपाउंडच्या कडेनं फाउंटन ग्रास लावू. त्याच्या ऑफिसच्या दारात ते लावलं आहे. जांभळी पाती, कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे, वाऱ्यावर डुलतात. माळी आठवड्यातून एकदाच फिरकतो.

“खाला, तूच समजाव अम्मीला. तुझं ऐकते ती.” (आमच्या घरची बोली दखनी, इथे मराठीत लिहिते आहे.)

मी कोणाच्या बाजूची, हे मलाच ठरवता येत नव्हतं. शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते, वनस्पतिशास्त्र नाही. पण गेल्या पाच-सहा वर्षांत शाळेच्या बागेचं काम माझ्याकडे आहे आणि तिथे दोन्ही झाडं लावून, काही मारून, थोडं शिकले आहे.

सोलापूर रस्त्यानं जाणाऱ्यांना सोरतापवाडी ठाऊक असेल. लोणी काळभोर सोडलं की उरुळी कांचनच्या अलीकडे दोन्ही बाजूंना रोपवाटिकांच्या हिरव्या जाळ्या सुरू होतात. एका ठिकाणी थांबलो. काळ्या पिशव्यांतून फाउंटन ग्रासच्या रांगा होत्या, एक हिरवी आणि एक जांभळी. हिरवं स्वस्त होतं म्हणून भाच्यानं त्याच्याकडे बोट दाखवलं. रोपवाटिकेतले काका म्हणाले, “ताई, जांभळं न्या. हिरवं बी टाकतं, मग तुमच्या अंगणात राहत नाही ते, शेजारच्याच्या शेतात जातं.” विकणाराच स्वस्त माल नको म्हणतो, तेव्हा ऐकावं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यात किती अर्थ आहे ते मला दुसऱ्या दिवशी सुप्याला कळलं. जांभळ्याची पाच रोपं घेतली. आत कोपऱ्यात वाळ्याचे ठोंब दिसले, तेही चार घेतले. भाच्यानं विचारलं, “हे कशाला? याला तर तुरेही नाहीत.” मी म्हटलं, “गाडीत ठेव, घरी सांगते.”

पुढच्या रस्त्यात मी त्याला एक खेळ लावून दिला, शाळेच्या सहलीत मुलांना लावून देते तसा. खिडकीतून दिसणारी गवतं मोज. आधी तो हसला. मग ऊस आला. ऊस हे गवतच. बाजरी गवत, ज्वारी गवत, गहू गवत, बांधावरची हरळी गवत, बांबू गवत. यवतपासून पाटसपर्यंत माणसानं जे काही मुद्दाम पेरलं आहे त्यातलं बहुतेक गवतकुळातलं आहे. म्हणूनच “गवताला पाणी लागत नाही” हे भाच्याचं वाक्य मला पुरतं पटत नव्हतं. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात आलं आणि सगळ्यात तहानलेलं गवत, म्हणजे ऊस, इथे सर्वांत जास्त पसरलं. कोणत्या गवताला पाणी लागत नाही, ते कुठल्या मातीत आणि कधीपासून, हे विचारायला हवं.

तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही बराचसा परतीचा. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडचा मुक्काम उरकून पाटसवरून रोटी घाट चढते आणि उंडवडी गवळ्याची या गावाकडे जाते. त्या दिवशी आपाच्या घरासमोरून माणसांचा पूर जातो आणि दुल्हेभाई दारात पाण्याचे माठ भरून ठेवायचे. त्या वेळीही, जून-जुलैत, घाटाचा उतार बहुतेक वर्षी पिवळाच असतो असं आपा सांगते.

घरी पोहोचलो. गाडीतून रोपं उतरवली. आपाच्या सासूबाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढ्या लांबून बाजरी आणलीत होय? आणि तीही काळी पडलेली?”

आम्ही हसलो, पण म्हातारी चुकली नव्हती. फाउंटन ग्रास आणि बाजरी सख्खी चुलत भावंडं आहेत. शास्त्रज्ञ दोघांना आधी पेनिसेटम या एकाच प्रजातीत धरत होते, आता सेंक्रस या प्रजातीत हलवलं आहे. आपल्याकडच्या माळावरचं अंजन गवतही त्याच सेंक्रसमधलं. बाजरीचंही एक जांभळं, शोभेचं वाण अमेरिकेत काढलेलं आहे, ‘पर्पल मॅजेस्टी’ नावाचं. त्याला २००३ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचं सुवर्णपदक मिळालं. भाच्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढून दादींना दाखवला. त्या म्हणाल्या, “भाकरी काळी होईल याची.”

आता क्रोटनविषयी. हे झाड आपलं नाही, आणि दख्खनचं तर मुळीच नाही. इंडोनेशिया, मलेशिया, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, पॅसिफिकमधली बेटं, असा त्याचा मुलूख. उबदार, दमट, झाडांच्या विरळ सावलीचा. बागेतल्या या झाडाला आपण क्रोटन म्हणतो, पण वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव कोडियम. खरा क्रोटन म्हणजे जमालगोटा, हकीमसाहेबांच्या कपाटातला. दोघं एरंडाच्या कुळातले. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो कातडीला लागला तर काहींना खाज सुटते, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात छाटणी झाल्यावर पानं गोळा करून टाकावीत आणि हात धुवावेत.

क्रोटनचा सगळा खेळ उजेडाचा आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर लाल-पिवळं उडून जातं आणि पानं नुसती हिरवी येतात. भरपूर उजेड दिला तर रंग चढतो. पण पाटसचं एप्रिल-मेचं पश्चिमेचं ऊन म्हणजे उजेड नव्हे, तो तवा. पानांच्या कडा करपतात. बोअरच्या जड पाण्यानंही कडा तपकिरी होतात. हवा कोरडी पडली की पानामागे कोळी येतो, बारीक जाळं दिसतं. त्यासाठीच दुल्हेभाई पानं पुसायचे, मला वाटायचं हौस म्हणून. शिवाय क्रोटन रुसतं. जागा बदलली, थंडीत रात्र फार गार झाली, दोन दिवस पाणी चुकलं, की खालची पानं टपाटपा गाळून टाकतं. मेलं असं वाटून माणूस कुंडी रिकामी करतो. तसं करू नये. फांदी नखानं खरवडून पाहावी, आतून हिरवी असेल तर थांबावं.

दुपारी जोहरनंतर मी शाळेतल्यासारखा हिशेब मांडला. अकरा कुंड्या, मातीच्या. मे महिन्यात प्रत्येकीला सकाळ-संध्याकाळ मिळून चार लिटर. म्हणजे रोज चव्वेचाळीस लिटर, पंधरा लिटरच्या जवळपास तीन बादल्या. आपानं त्या उचलायच्या. आणि गवत? जमिनीत लावलेल्या पाच ठोंबांना पहिला महिना-सव्वा महिना रोज पाणी द्यावंच लागेल. “लावलं आणि विसरलं” हे खरं नाही. मी शाळेत पहिली खेप याच भरवशावर मारली होती. मुळं धरल्यावर मात्र चार-पाच दिवसांतून पाचांना मिळून एक बादली पुरते आणि पावसाळ्यात काही नाही. भाचा जिंकल्यासारखा माझ्याकडे पाहू लागला.

आपा इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “पाण्याचा हिशेब बरोबर आहे. पण तुझ्या गवताला सावलीत काय येईल?”

हा प्रश्न आमच्या दोघांच्या डोक्यात आला नव्हता. फाउंटन ग्रासला दिवसभराचं ऊन लागतं. सावलीत ते आडवं पडतं, जांभळा रंग फिका पडतो, तुरे येत नाहीत. आणि आपाच्या घराची पडवी उत्तरेला आहे, समोर कडुनिंब. दोघी बायका दिवसभर बसतात ती जागा तीच. तिथे डोळ्यांसमोर काही रंगीत असायचं असेल तर क्रोटनच. कंपाउंडची पश्चिमेची भिंत म्हणजे उघडं ऊन, ती गवताची जागा. इतके दिवस आम्ही यापैकी कोणतं, यावर भांडत होतो. एका अंगणात दोन हवामानं असतात, एवढी साधी गोष्ट सव्वीस वर्षं त्या पडवीत बसलेल्या बाईला दिसली.

तरी पाणी उरलंच. मग आपानंच आणखी एक मोजणी सांगितली. दोघी मिळून दिवसात दहा वेळा वुजू करतात, नळ सोडून नव्हे, बधन्यातून. एका वुजूला दीड लिटर धरलं तर पंधरा लिटर, एक बादली. ते पाणी आजवर मोरीतून बाहेर जात होतं. त्यात साबण नसतो. पडवीच्या कडेला वुजूची जागा आहेच. खाली घमेलं ठेवलं आणि त्यातलं डब्यानं शेजारच्या कुंड्यांत घातलं तर वजन उचलायला नको आणि वेगळं पाणीही नको. पंधरा लिटरला चार कुंड्या. तेव्हा चार क्रोटन ठेवायचे, सात द्यायचे.

कोणते चार, हे ठरवायला आम्ही दोघं बाहेर गेलो नाही. आपा एकटीच बराच वेळ कुंड्यांमध्ये फिरत होती. भाच्यानं मध्ये सुचवलं, एक अब्बांच्या कबरीजवळ लावू. ती म्हणाली, “तिथे रोज पाणी कोण घालणार? वाळलेलं झाड पाहायला जायचं का? तिथे जे आपोआप उगवतं ते गवतच बरं.” त्यावर कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर भाच्यानं आम्हा दोघी बहिणींना सुप्याला नेलं. चौफुल्याला मागे येऊन मोरगावच्या रस्त्याला लागलं की सुपे लागतं. जवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं. अवघं पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. झाडी दाट नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण ते जंगल नाहीच, माळ आहे, आणि चिंकारासाठी राखलेला आहे. मे महिन्यात सगळं पिवळं. त्या पिवळ्यात पिवळट-तांबूस चिंकारा उभा असतो आणि हलला तरच दिसतो. आम्हाला तीन दिसले. आपा म्हणाली, इतकी वर्षं इथे राहते, पण पहिल्यांदाच बघते.

परतताना अभयारण्याच्या बाहेर रस्त्याच्या कडेला उतरून थोडं चाललो. गाडीत बसल्यावर पाहते तर सलवारीच्या घेराला कुसळंच कुसळं. कुसळी गवताची ही युक्ती. बीला लांब पिळाचा काटा, ओल लागली की तो पीळ सुटतो आणि बी स्वतः मातीत शिरते. गाडी पाटसला येईपर्यंत आम्ही एकेक उपटत होतो आणि मला सोरतापवाडीच्या काकांचं वाक्य आठवत होतं. हिरव्या फाउंटन ग्रासचं मूळ उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानाकडचं. कोरड्या खडकाळ जमिनीत ते मजेत वाढतं. शोभेसाठी म्हणून ते हवाई बेटांत नेलं, तिथल्या लाव्हाच्या कोरड्या उतारांवर ते पसरलं, वाळलं की आग धरतं आणि आगीनंतर सर्वांत आधी तेच उगवतं. युरोपीय संघानं २०१७ मध्ये त्याला उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत टाकलं. दौंड, बारामतीची जमीनही लाव्हाचीच, हवाही कोरडी. आणि इथून चिंकाराचा माळ किती लांब? अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्यावर. आपलं अंजन गवत परदेशात नेलं तेव्हा ऑस्ट्रेलियात आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात त्यानंही तोच धुडगूस घातला, म्हणजे दोष गवताचा नाही, माहेर सोडून नेणाऱ्याचा आहे. गाजर गवत आठवा. नावाला गवत, खरं तर झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं. १९५०च्या दशकात भारतात त्याची नोंद झाली ती पुण्यात, आणि आज ते कोणत्या बांधावर नाही?

जांभळ्या जातीचं बी जवळजवळ रुजतच नाही, ठोंब फोडूनच रोपं करावी लागतात. म्हणून महामार्गाच्या कडेच्या गावात, माळाच्या शेजारी, घ्यायचंच तर ते घ्यावं. हिरवं घेऊ नये. एवढं मी ठामपणे सांगते.

लावताना एक चूक टाळली. अंगणात काळी माती आहे, पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि या गवताची मुळं कुजतात. म्हणून भिंतीच्या कडेनं मुरूम मिसळून वीतभर उंच वरंबा केला आणि त्यावर दोन-दोन हातांच्या अंतरानं पाच ठोंब लावले. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, वीतभर ठेवून कापायचं. तीनेक वर्षांनी ठोंब मधून पोकळ होतो, तेव्हा उपटून फोडून पुन्हा लावायचा. हे भाच्याचं काम, तसं त्यानं कबूल केलं आहे.

वाळ्याचे चार ठोंब मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथे गेले. दिसायला वाळा साधा, फाउंटन ग्रासपुढे कोणी त्याच्याकडे पाहणार नाही. पण त्याची मुळं सरळ खाली माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात, ऊनही सोसतो आणि साचलेलं पाणीही. उर्दूत तो खस. वर्गात दर वर्षी एक तरी मूल खस आणि खसखस एकच समजतं, त्याला मी मुळांची जुडी हुंगायला देते. अकबराच्या काळात खसच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोल्या थंड ठेवायचे आणि त्यावरून ‘खसखाना’ हा शब्द उर्दूत राहिला. आमच्या कूलरच्या जाळीत वाळा असायचा आणि मेच्या दुपारी पहिलं पाणी पडलं की घरभर तो वास सुटायचा. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग आधी का नाही बोललीस, खाला?”

सात क्रोटनपैकी दोन शेजारणीकडे गेले, चार भाच्याच्या सोसायटीत, जिथे माळी आणि पाणी दोन्ही आहे. सातवं, पीळ पडलेल्या पानाचं, मी पुण्याला आणलं. बाल्कनीत ठेवल्यावर आठवड्यात त्यानं निम्मी पानं गाळली. मी नखानं फांदी खरवडून पाहिली.

जूनच्या मध्यावर आपाचा फोन आला. पाटसला एक बरा पाऊस झाला होता. जांभळ्या गवताला पहिले तुरे आले होते आणि सासूबाई पडवीतून काठी आपटून चिमण्या हाकलत होत्या. “त्यांना किती सांगितलं ही बाजरी नाही म्हणून,” आपा म्हणाली, “ऐकतच नाहीत.” मग तिनं माझ्याकडच्या क्रोटनची चौकशी केली. मी सांगितलं, शेंड्याला बोटभर नवं पान आलं आहे. तिनं विचारलं, “पीळ आहे ना त्याला?”